अर्ध्या अस्तराचा कोट

मी एक जुना काळा कोट आहे, दुबईच्या एका मोठ्या हॉटेलातला. मी हरवलोय हे हॉटेलाला कळलं, त्या सकाळी मी शारजात शोभनाबाईंच्या शिलाई मशीनवर उलटा पडलो होतो. डावी बाही आतून उसवलेली, अस्तरात सुई टोचलेली. बाहेरच्या खोलीत माणसं भेटायला आली होती. फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. शेवटी त्यांच्या नवऱ्याने, उपेंद्ररावांनी, उचलला.

"सर, मैं एमान, रेस्टॉरंट से. मॅनेजर पूछ रहा है, एक जॅकेट कम है. वो आपके पास है ना?"

"हो, है," उपेंद्रराव म्हणाले. "काम चालू है."

काम चालू! कोण करत होतं काम? करणारी बाई आदल्या दिवशी गेली होती.

मित्रांनो, पहिल्यापासून सांगतो. चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म अल क्वोजच्या एका वर्कशॉपात झाला. तिथे हॉटेलांचे युनिफॉर्म शिवतात. वेटरांचे कोट झाल्यावर कापड उरलं, त्यात मला बेतलं. मोठ्या मापाचा, म्हणजे कोणालाही चढेल असा. जो सगळ्यांना चढतो तो कोणालाच बसत नाही, पण कोटाला कोण विचारतो? मला रेस्टॉरंटच्या दाराशी टांगलं. तिथे कोटाशिवाय पुरुषांना आत सोडत नाहीत. कोणी नुसत्या शर्टावर आला, की दारावरची एमान मला पुढे करायची.

लोक मला तोंड वाकडं करूनच घालायचे. एकाने माशाचे हात माझ्या बाहीला पुसले. एकाने इतकं अत्तर मारलं होतं, की नंतर मला गॅलरीत टांगावं लागलं. एका नवऱ्या मुलाने मात्र माझ्यात फोटो काढून घेतले आणि "हबीबी, लकी कोट आहे" म्हणत मला थोपटलं. कौतुक झालं ते तेवढंच. मला धुऊन कडक इस्त्री व्हायची, पण बाहेरून. आत अस्तर फाटत गेलं, तिकडे कोणी बघितलं नाही. पाहुण्यांचा हात बाहीत अडकायचा आणि शिव्या मलाच बसायच्या.

मग एके दिवशी मिहिका आपल्या आईबाबांना, शोभनाबाई आणि उपेंद्ररावांना, घेऊन आली. लग्नाचा वाढदिवस होता त्यांचा. उपेंद्रराव जबल अलीच्या एका गोदामात काम करतात. आले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर.

"अहो, मी म्हटलं होतं ना, कोट घाला," शोभनाबाई म्हणाल्या.

"जेवायला आलोय, साखरपुड्याला नाही," उपेंद्रराव म्हणाले, आणि एमानने मला त्यांच्या अंगावर चढवलं. डावा हात अडकला. दोनदा झटका मारल्यावर बाहेर आला.

ताट परातीएवढं मोठं आलं आणि मधोमध भोपळ्याची एक फोड. उपेंद्ररावांनी ताट फिरवून बघितलं. "ही चव बघायला दिलीय का?"

"बाबा, इट्स ओन्ली द फर्स्ट कोर्स."

शोभनाबाईंचं लक्ष ताटाकडे नव्हतं. "हात वर करा बघू," त्या म्हणाल्या.

"अगं, जेवू दे."

"वर करा." त्यांनी माझ्या बाहीत बोटं घातली आणि त्यांचा चेहरा बदलला. "एवढं मोठं हॉटेल! चमच्यात तोंड दिसतंय, आणि कोटाच्या आत चिंध्या? पाहुण्याला असं देतात का कोणी?" पर्समधून सुईदोरा निघाला.

"आई, प्लीज! नॉट हिअर!"

"मग घरी नेते."

आणि खरंच नेला. दारात एमानला म्हणाल्या, "बेटा, दो दिन में ला के देती हूँ. अंदर से सब फटा है."

"मॅडम, ये होटेल का है."

"इसीलिए तो."

एमान हसली. तिथेच ती फसली.

शारजाला त्यांनी मला खिडकीपाशी उलटं केलं. "कापड चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "शिवणाऱ्याने घाई केली." इतकं बरोबर मला कोणी ओळखलं नव्हतं. घरातलं निळं सॅटिन काढून त्यांनी नवं अस्तर बेतलं आणि खांद्यापासून हाताने शिवत खाली आल्या. बारीक, एकसारखे टाके. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली, म्हणून सुई अस्तरात टोचून त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातच पडल्या. हॉस्पिटलमधून परत आल्या नाहीत.

तेव्हापासून माझे हाल आहेत. मिहिका म्हणते, "बाबा, जस्ट गिव्ह इट टू अ टेलर." उपेंद्रराव म्हणतात, "दुसऱ्याचा हात नको." ती म्हणते, "देन रिटर्न इट." ते म्हणतात, "असा अर्धवट? तिने शब्द दिलाय त्या मुलीला." अहो, मग करा ना काहीतरी! एमानचा फोन आला, की ते सांगतात, "इन्शाल्ला, इसी हफ्ते." एकदा ती म्हणाली, "सर, मैं अरब हूँ. इन्शाल्ला मुझे मत समझाओ." एकदा उपेंद्ररावांनी मला गाडीत घालून, ट्रॅफिकमधून हॉटेलच्या पार्किंगपर्यंत नेलं. एसी चालू ठेवून बसले. मग परत आणलं.

शेवटी मिहिकाने एमानला खरं सांगितलं. एमानने लगेच फोन केला.  म्हणाली, "अंकल, खलास. आप रखो. मैं मॅनेजर को देख लूँगी."

"नहीं," उपेंद्रराव म्हणाले. "वापस करना है."

या माणसाला काय म्हणावं?

गेल्या रविवारी त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच शिवायला बसले. टाके घातले ते मोठे, तिरके. वरचं अस्तर खालच्या अस्तराला शिवून टाकलं. हात घालून बघितला तर बाही बंद! मिहिका आधी हसली, मग उठून आत गेली. उपेंद्ररावांनी आपले टाके एकेक करून उसवले. शोभनाबाईंच्या टाक्यांना कात्री लागू नये म्हणून श्वास रोखून उसवत होते. सुई पुन्हा होती तिथेच टोचली.

मित्रांनो, कोणाला काही वापरायला द्याल तर आधी ते आतून बघा. आणि घरात कोणी शिवत बसलं असेल तर जवळ जाऊन बसा, निदान सुई कशी धरतात ते बघून ठेवा. इतक्या वर्षांत उपेंद्ररावांनी ते बघितलं नाही, आणि त्याचा त्रास मला होतोय.

आता मी शोभनाबाईंच्या कपाटात आहे, साड्यांच्या शेजारी. हॉटेलच्या दाराशी दुसरा कोट टांगलाय म्हणे. माझ्या डाव्या बाहीत खांद्यापासून कोपरापर्यंत शोभनाबाईंचे टाके आहेत. कोपरापासून मनगटापर्यंत शिवायचं राहिलं आहे.