सुताभर खाली

आमच्या मास्तरांनी माझ्या शिवणीत चुका काढणं बंद केलं, तेव्हा आधी मला बरंच वाटलं. लग्न झाल्यापासून ऐकत आले होते: कॉलर सुताभर वर, खिसा सुताभर खाली, काजं एका रांगेत नाहीत. हे कापणार आणि मी शिवणार, अशी आमची वाटणी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी यांचं कापायचं मोठं टेबल, मागच्या भिंतीला माझं मशीन. मी शिवून दिलेला शर्ट हे उलटा करायचे, उजेडाकडे धरायचे आणि चष्मा नाकावर सरकवून म्हणायचे, "इथे सुताभर गेलंय." हे सुताभर घालणाऱ्याला दिसत नाही, त्याच्या बायकोला दिसत नाही, देवालाही दिसत नसेल. यांना दिसायचं. मी तोंडाचा पट्टा सोडायचे आणि मग निमूट उसवायचे, कारण यांचं बरोबर असायचं. तेच तर जास्त झोंबायचं.

यांचं नाव होतं ते पट्ट्यांच्या शर्टासाठी. पट्ट्यांच्या कापडाला खिसा लावला की खिशावरचा पट्टा छातीवरच्या पट्ट्याला असा मिळायला हवा की खिसा आहे हे हात घातल्यावरच कळावं. यांचे खिसे तसे मिळायचे. रेघ बघायची म्हटली की डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं नेम धरल्यासारखं बघायचं, ही यांची सवय. टेबलावर वाकलेले, एक डोळा मिटलेला, हातात ती मोठी कात्री. त्या कात्रीला हात लावायची मलासुद्धा परवानगी नव्हती. एकदा मी तिनं कागद कापला होता, तर दोन दिवस घरात अबोला.

तर हे मास्तर यंदा शर्ट उलटा करायचे, बघितल्यासारखं करायचे आणि "ठीक आहे" म्हणून घडी घालायचे. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, माणूस मवाळ झाला. पण मवाळ कसला. गिऱ्हाइकांवर खेकसत होते. दुपारी गळ्यात टेप तशीच आणि खुर्चीत डुलक्या. पाण्याचा तांब्या सारखा तोंडाला, आणि वर गोड चहाचे कप, कारण म्हणे अंगात जोर राहत नाही. कात्री पडून पायाला खरचटलं होतं, ती जखम भरायचं नावच घेत नव्हती. मी सगळं वयाच्या खात्यात टाकलं. काही बोलले तर ठरलेलं उत्तर यायचं, "मला काय धाड भरलीय?"

मग ते निळ्या पट्ट्यांचं कापड आलं. आमच्या गल्लीच्या टोकाला कापडाचं दुकान आहे. दुकानदार यांचे शाळेपासूनचे मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी अख्खा तागा पाठवला होता, पांढऱ्यावर बारीक निळे पट्टे. यांनी तो टेबलावर पसरला, डावा डोळा मिटला आणि कपाळाला आठी घातली.

"वाकडं विणलंय," हे म्हणाले.

मी मशीन थांबवून आले. "कुठे वाकडं?"

"हे काय, मधे सगळीकडे. पट्टे लाटा आल्यासारखे झालेत. दिसत नाही का तुला?"

मला तर सरळच दिसत होते. मी तसं सांगितलं, तर हे म्हणाले, तुला काय कळतंय, आणि ताग्याची कशीतरी गुंडाळी करून निघाले. यांच्या हातून कापडाची गुंडाळी कशीतरी झालेली मी पहिल्यांदा बघत होते, म्हणून मीही मागोमाग गेले.

भाऊजींनी ताग्याची टोकं धरून उजेडात ताणली. "अरे, सरळ तर आहे."

"मला कापड शिकवतोस?" मास्तर गिऱ्हाइकांसमोर चढ्या आवाजात म्हणाले. "वाकडा माल माझ्या गळ्यात मारायचा, आणि तोही मित्र म्हणवून घेऊन?"

भाऊजी मोठे शांत गृहस्थ, पण मित्र या शब्दानं त्यांना लागलं. "कापडात काही खोट नाही," ते म्हणाले. "जाऊन आधी डोळे तपासून घे."

यांनी तागा तिथेच टाकला आणि पाठ फिरवली. मी भाऊजींकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "वहिनी, मी रागानं बोललो, पण खोटं नाही बोललो."

घरी आले तर हे टेबलाशी उभे होते. फणफणत असतील असं मला वाटलं होतं, पण हे वाकून काहीतरी बघत होते. समोर लोखंडी पट्टी होती. यांच्या वडिलांपासूनची ती पट्टी, तिच्याइतकं सरळ आमच्या घरात दुसरं काही नाही, माणसं धरून. यांनी डावा डोळा मिटला होता.

"अगं," हे म्हणाले, "ही पट्टीपण वाकडी आहे."

कापडाला दोष देता येतो, विणणाऱ्याला देता येतो. त्या पट्टीला कसा देणार? मी जवळ गेले आणि म्हटलं, "आता उजवा मिटून बघा."

यांनी उजवा मिटला. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा डावा मिटला.

"डाव्यानं सरळ आहे," हे म्हणाले आणि खाली बसले. जन्मभर ज्या डोळ्यावर पोट भरलं, तोच फितूर झाला होता. मला यांचा इतका राग आला, की आधी सांगायला काय झालं होतं, आणि इतकी मायाही आली. मी राग आतच ठेवला आणि चपला घातल्या.

डोळ्यांची डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची असेल. तिनं चौकड्या छापलेला एक पुठ्ठा यांच्यापुढे धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. चौकड्या कुठे वाकतात ते मास्तरांनी बोटानं दाखवलं, मापावर खडू ओढावा तसं. मग डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, आत उजेड टाकून बघितलं आणि फोटो काढले. बघून झाल्यावर पहिला प्रश्न डोळ्यांबद्दल नव्हताच.

"काका, रात्री उठावं लागतं का? तहान फार लागते?"

हे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच चहाडी केली होती.

"पायाला काही लागलंय का? लवकर बरं होत नाही असं काही?"

"हे सगळं डोळ्यात दिसतं?" यांनी विचारलं.

तिनं फोटो आमच्याकडे वळवला. नारिंगी गोल, त्यावर लाल धाग्यांसारख्या फांद्या, आणि मधे मधे लाल ठिपके, पिवळट डाग. "हा डोळ्याच्या मागचा पडदा," ती म्हणाली. "जे बघतो ते यावर उमटतं. तुमच्या उजव्या पडद्याला बरोबर मध्यभागी सूज आहे, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. आणि या रक्तवाहिन्या. अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकापी न करता बघता येतात त्या इथेच. त्या मला सांगतायत की साखर वाढलेली आहे, आणि आजकालची नाही. रक्तदाबही असणार. इथे जे चाललंय ते मूत्रपिंडात, पायात, हृदयातही चालू असू शकतं. आज रक्त तपासून घ्या."

"पण दुखलं तर कधीच नाही," हे म्हणाले.

"पडदा दुखत नाही, काका. म्हणून तर लोक उशिरा येतात."

मास्तर फोटोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांनी कोट उलटा करून बघितला." कुणाचा जुना कोट दुकानात आला की हे आधी तो उलटा करतात. वरून कितीही झकपक असो, आत अस्तर कुठे विरलंय त्यावरून कोट किती टिकेल ते सांगतात. डॉक्टरला हे समजावून सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "अगदी तसंच."

"मग हा कोट टिकेल का?" यांनी विचारलं. गमतीनं विचारायला गेले, पण गंमत जमली नाही. "पोरी, मी कापायचं काम करतो. रेघ दिसली नाही तर मी कोण?"

तिनं खोटा धीर दिला नाही, म्हणून मला ती आवडली. "सगळं पहिल्यासारखं होईलच असं मी सांगत नाही," ती म्हणाली. "पण वेळ गेलेली नाही. सूज उतरवायला डोळ्यात इंजेक्शनं देऊ, दर महिन्याला एक, काही महिने. ते माझं काम. साखर आणि रक्तदाब आवरणं, चालणं, गोड सोडणं हे तुमचं. तुमचं काम झालं नाही तर माझं वाया जाईल."

डोळ्यात सुई म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. रिक्षात बसल्यावर यांनी दोनदा चष्मा पुसला. मी म्हटलं, "जन्म सुयांत काढलात, आणि एका सुईला घाबरता?"

"त्या सुया मी दुसऱ्याला टोचायचो," हे म्हणाले. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

रक्ताचा निकाल आला तो डॉक्टर म्हणाली तसाच. मग आमच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि गोळ्यांची डबी खालच्या. पहिल्या सुईच्या वेळी यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं कळवळली. डोळा आधी बधिर केलेला होता, त्यामुळे यांना दुखलंच नाही, जे काय दुखलं ते मला. बिनसाखरेचा चहा पहिल्या दिवशी थुंकून टाकला, दुसऱ्या दिवशी शिव्या देत घेतला. आणि एका सकाळी, मी काही न मागता, यांनी ती मोठी कात्री टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"साधं कापड तू काप," हे म्हणाले. "पट्ट्यांचं घेऊ नकोस. ते परत पाठव."

इतकी वर्षं ज्या कात्रीला हात लावायची चोरी होती, ती हातात आली आणि मला ती अगदी नकोशी झाली. मी कापायचे, हे बाजूला बसून बटणं लावायचे. मी शिवलेलं उलटं करून बघणं पूर्ण बंद झालं होतं. कधी कधी मी मुद्दाम म्हणायचे, "बघा ना, कॉलर बरोबर बसली का?" हे न बघताच म्हणायचे, "बसली असेल." खोलीत फक्त मशीनचा आवाज. इतकी शांतता मला कधी मानवलीच नाही.

संध्याकाळी चालायला जायचं म्हणजे भाऊजींच्या दुकानावरून जायचं, दुसरा रस्ता नाही. सुरुवातीला हे मान फिरवून जायचे. भाऊजी गल्ल्यावरून नुसते बघायचे. महिना असाच गेला. मग एका संध्याकाळी हे पायरीशी थांबले.

"कापड सरळ होतं," हे म्हणाले. "मी वाकडं बघत होतो."

भाऊजी उठले, दुकान नोकरावर सोपवलं आणि चपला घालून यांच्याबरोबर चालायला लागले. माफी वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवसापासून मला चालण्यातून सुट्टी मिळाली, कारण दोघांच्या गप्पांत मला शिरकाव नव्हता.

पायाची जखम भरली. दुपारच्या डुलक्या कमी झाल्या. गिऱ्हाइकांवर खेकसणं थांबलं नाही, पण ते दुखणं नसून स्वभाव आहे हे मला कळलं. डॉक्टरनं नवा फोटो काढला आणि म्हणाली, सूज बरीच उतरलीय, रक्तातली साखरही खाली आलीय. मास्तरांनी फक्त मान हलवली. फोटोवर यांचा विश्वास नव्हता.

घरी न येता हे थेट भाऊजींच्या दुकानात गेले. निळ्या पट्ट्यांचा तो तागा भाऊजींनी मागच्या फळीवर ठेवून दिला होता. मास्तर भर दुकानात ओरडल्यावर तो कोण घेणार?

"एका शर्टाचं काढ," हे म्हणाले. "तुझ्याच मापाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी माझ्यासमोर हात पुढे केला आणि मी कात्री दिली. हे टेबलावर वाकले. डावा डोळा मिटला. मला बघवेना, म्हणून मी उगाच मशीनला तेल घालत बसले. कात्रीचा आवाज येत होता, थांबत थांबत, पण येत होता. कापून झालं तसं यांनी सगळे तुकडे माझ्यापुढे ठेवले. शर्ट मी शिवला, पण खिसा लावताना पट्टा जुळतो का ते बघायचं टाळलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की काही झालं तरी जुळला असंच म्हणायचं. मी यांच्याशी आयुष्यभर भांडले, पण खोटं कधी बोलले नव्हते.

शर्ट झाला. यांनी तो उजेडाकडे धरला, आधी उलटा, मग सुलटा. चष्मा नाकावर सरकवला.

"जुळलाय हो," मी घाईनं म्हटलं. "छान जुळलाय."

हे डावा डोळा मिटून बघत राहिले.

"मी कापलंय बरोबर," हे शेवटी म्हणाले. "तू लावताना सुताभर खाली घेतलायस."

मी शर्ट ओढून घेतला आणि खिडकीशी नेला. बघितलं, पुन्हा बघितलं. खिशावरचा निळा पट्टा छातीवरच्या पट्ट्याच्या खाली होता. सुताभर.

"आता रडतेस काय?" हे म्हणाले. "सुताभर तर आहे. उसव आणि परत लाव."

मी मशीनशी बसले आणि डोळे पुसत पुसत तो खिसा उसवायला घेतला. हे मागे येऊन उभे राहिले आणि कॉलरबद्दलही काहीतरी सांगायला लागले.