आरशातलं दार

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. जिच्यासाठी माणसं भांडतात आणि एकदा बसली की उठायचं नाव घेत नाहीत, ती मी नव्हे. मी केस कापायची एक जुनी खुर्ची आहे. माझ्यावर बसलेलं माणूस थोड्या वेळाने हलकं होऊन उठतं आणि पुढच्याला जागा देतं. मोठमोठ्या खुर्च्यांना हे अजून जमलेलं नाही.

मी आज अगदी सुखात आहे, हे आधीच सांगून टाकते. मधे थोडा वाईट भाग येणार आहे, तेव्हा धीर सोडू नका.

माझा जन्म एका लोखंडाच्या कारखान्यात झाला. मला पाय एकच, पण असा भक्कम की चार पायांच्या खुर्च्यांनी हेवा करावा. पेडल दाबलं की मी वर जाते, सोडलं की हळूच खाली येते, आणि बाजूला जरा ढकललं की गरगर फिरते. लाल रेक्झिन चढवून मला एका पार्लरमध्ये नेलं, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. लग्न ठरलेल्या मुली माझ्यावर बसल्या, माहेरपणाला आलेल्या लेकी बसल्या, माझ्या हातांवर फळी टाकून लहान पोरं बसली आणि त्यांनी रडून पार्लर डोक्यावर घेतलं. "काय खुर्ची आहे हो तुमची, झोपच लागते," असं बायका म्हणत, आणि मी आणखी फुगून बसे.

मग काळ्या कुळकुळीत, मागे रेलणाऱ्या खुर्च्या आल्या. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. कुणी माझ्यावर ओले टॉवेल टाकले, कुणी रिकामी बादली ठेवली. रेक्झिनला भेगा पडल्या, पेडल कुरकुरायला लागलं. भंगारवाला माझं वजन करायला आला, तेव्हा एक बाई मधे पडली.

ती त्याच पार्लरमध्ये केस कापायची. अंगाने बारीक, आवाजाने मोठी, आणि तोंडाला विसावा नाही. "ही मला द्या," ती मालकिणीला म्हणाली. "माझ्या मुली स्टुलावर बसतात. माना अवघडतात त्यांच्या."

तिच्या मुली म्हणजे तिच्या पोटच्या नव्हेत. गावाच्या टोकाला उंच भिंतीआड मुलींचं निरीक्षणगृह होतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलींना खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिथे ठेवत. ही बाई सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन त्यांचे केस कापून देई. मुली तिला कात्रीमावशी म्हणत. अशी मी टेम्पोत बसून, म्हणजे खरं तर आडवी पडून, तिथे पोहोचले.

मला कपडे धुण्याच्या जागेशेजारची खोली मिळाली. समोर आरसा, उजवीकडे खिडकी, पाठीमागे दार. भिंतीवर एक पाटी होती: 'काही तक्रार असल्यास ती कर्मचाऱ्यांना सांगावी.' पाटी स्वच्छ पुसलेली असे.

निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई शिस्तीच्या आणि मनाने चांगल्या. कात्रीला धार असते, कुणाला लागू नये, म्हणून त्यांनी नियम केला होता की केस कापताना एक कर्मचारी दारात उभीच पाहिजे. त्यांचा हेतू चांगलाच होता. हे काम बहुतेक वेळा किल्लीवाल्या बाईंकडे येई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्या यायच्या आधी त्यांचा आवाज येई. पाहुणे आले की मोठ्या बाई अभिमानाने सांगत, "आमच्याकडे मुलींच्या केसालाही धक्का लागत नाही."

कात्रीमावशीची एक पद्धत होती. कुणाच्याही डोक्याला ती विचारल्याशिवाय हात लावत नसे. "हात लावू का गं?" असं विचारायची आणि मान हलली की मगच कंगवा. या मुलींना विचारून हात लावणारं माणूस बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं. काही जणी तर त्या प्रश्नानेच गोंधळून जात.

त्यांच्यातली एक होती भिंगरी. खरं नाव कागदावर असेल, पण एका जागी ठरत नसे म्हणून सगळ्या तिला भिंगरीच म्हणत. ती इथे कशासाठी आली होती मला माहीत नाही. खुर्ची कुणाला गुन्हा विचारत नाही. तिचा आणि मावशीचा एक करार होता. केस कापून होईपर्यंत भिंगरीने हलायचं नाही, आणि झाल्यावर मावशीने तिला एक गिरकी द्यायची. मला ढकललं की मी कुरकुरत फिरे, आणि भिंगरी असं हसे की बाहेर कपडे धुणाऱ्या मुलीही हसायच्या. त्या गिरकीसाठी मी माझं म्हातारपण विसरत असे.

एक दिवस ती आली आणि गुपचूप बसली. मावशीने "हात लावू का गं?" विचारलं, तिने मान हलवली. पण कंगवा कानाच्या वर गेला तशी ती एकदम खाली वाकली. मावशीने केस हलकेच बाजूला केले. तिथे केसांचा अख्खा झुपकाच नव्हता. कातडी लाल झाली होती आणि कानामागे निळा डाग होता.

इथे मावशीच्या हातून चूक झाली. चांगल्या मनाच्या माणसाकडूनच होईल अशी ती चूक होती. ती दाराकडे वळली आणि काळजीने म्हणाली, "अहो बाई, हिच्या डोक्याला लागलंय बघा. जरा लक्ष ठेवा हो पोरीकडे."

"न्हाणीघरात पडली," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या. "ठेवते ना लक्ष. चांगलं ठेवते."

भिंगरीने माझे हात इतके घट्ट धरले की तिची नखं माझ्या जुन्या रेक्झिनमध्ये रुतली. पाटीवर लिहिलं होतं तसंच मावशी वागली होती. तक्रार कर्मचाऱ्यांनाच सांगितली होती. त्या दिवशी गिरकी झाली नाही.

पुढच्या खेपेला मावशी पिशवी घेऊन आली तर खोली रिकामी. एकीचं डोकं दुखत होतं, दुसरीला केस वाढवायचे होते, तिसरी तर दिसलीच नाही. मावशी माझ्या पाठीवरची धूळ पुसत मलाच म्हणाली, "काय गं, माझा हात वाईट झाला का?" भिंगरीच्या नखांवरून मला सगळं कळलं होतं, पण बोलणार कशी? त्या दिवशी मला माझ्या लोखंडी जन्माचा राग आला.

शेवटी भिंगरीला किल्लीवाल्या बाईंनीच आणून बसवलं. डोक्याला घट्ट रुमाल. मावशीने विचारलं, "हात लावू का गं?" मान हलली नाही. ती आरशात बघत होती, पण मावशीकडे नाही आणि स्वतःकडेही नाही. मावशीने तिच्या नजरेचा माग काढला. आरशात मागचं दार दिसत होतं, आणि दारात किल्ल्यांचा जुडगा.

मावशीचा हात थांबला. कुंपणच शेत खात होतं, आणि आपण गाऱ्हाणं कुंपणाकडेच नेलं, हे तिला कळून चुकलं.

मग ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अगं, केस किती चिकट झालेत! आधी धुऊया." हळूच पुन्हा विचारलं, मान हलली तेव्हा रुमाल सोडून धुतले. पिशवीतून ड्रायर काढला. तो ड्रायर माझ्याहून म्हातारा, लावला की खोलीत विमान शिरल्यासारखा आवाज करी. तिने मला अर्धी गिरकी देऊन भिंगरीचा चेहरा खिडकीकडे वळवला, आणि स्वतः दाराला आडवी उभी राहिली. पोरीची पाठ मला टेकलेली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दारात तिला इथलं काही ऐकू जात नाही," मावशी म्हणाली. "बोलायचं असलं तर बोल. नसलं तर नुसते केस वाळवू."

भिंगरी खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही तिलाच सांगितलंत."

"चुकलं माझं."

"रात्रभर न्हाणीघरात कोंडलं मला."

मावशीचे डोळे भरले. ड्रायर मात्र तिने हलू दिला नाही. "मी कुणाला सांगणार नाही, असं वचन देत नाही तुला," ती म्हणाली. "सांगावं लागेलच. पण इथल्या कुणाला नाही. बाल न्याय मंडळाच्या वकीलबाई आहेत ना, खटल्याच्या वेळी बसतात त्या, त्यांना. चालेल?"

"ती म्हणते, तोंड उघडलंस तर तुझी वागणूक वाईट आहे असं लिहून देईन. मग मला घरी सोडणार नाहीत. आई वाट बघतेय माझी."

"आधी तू सांग. लिहिणाऱ्यांचं मग बघू."

मग ती बोलली. केस धरून ओढणं, कोंडणं, जेवणाचं ताट काढून घेणं, तिच्यासारख्याच आणखी कोण कोण. सगळ्याजणी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होत्या. मी लोखंडाची आहे, पण ऐकताना माझाही पाय डळमळला.

"किती वेळ वाळवताय?" दारातून ओरडा आला. "केस आहेत का सतरंजी?"

"दाट आहेत हो पोरीचे!" मावशीने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. "ओले राहिले तर सर्दी व्हायची, आणि मग शिंका तुम्हालाच ऐकाव्या लागतील!"

मावशी गेली आणि मी वाट बघत राहिले. खुर्चीला दुसरं येतं तरी काय? पण त्या वेळचं वाट बघणं वेगळं होतं. मावशीला कुणी खोटं ठरवलं तर तिला फाटकाच्या आत पाऊल टाकता आलं नसतं, आणि भिंगरी त्या किल्ल्यांबरोबर आत एकटी राहिली असती.

दुसऱ्याच दिवशी, न कळवता, वकीलबाई आल्या. बरोबर डॉक्टरीणबाई. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे किल्लीवाल्या बाईंच्या कमरेचा जुडगा काढून घ्यायला लावला आणि त्यांना फाटकाबाहेर बसवलं. मग माझ्याच खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि एकेका मुलीला बोलावलं. पहिली आली, पाटीकडे बघत राहिली, गेली. दुसरीही तशीच. मग भिंगरी आली. कुणी न सांगता माझ्यावर चढून बसली, रुमाल सोडला आणि म्हणाली, "इथे बघा." तिच्यामागून सगळ्या आल्या. गेलेल्या दोघीही परत आल्या.

किल्लीवाल्या बाई त्या दिवशीपासून इथे दिसल्या नाहीत. पोलिसांनी चौकशी सुरू केली. पुढचं न्यायालय बघेल, ते काम खुर्चीचं नव्हे. भिंगरीची वागणूक लिहायचं काम वकीलबाईंनी बाहेरच्या समुपदेशक बाईंना दिलं.

वकीलबाई आल्या त्याच दिवशी संध्याकाळी मोठ्या बाई एकट्याच खोलीत आल्या. कात्रीमावशीला बोलावून घेतलं होतं. "माझ्याकडे का नाही आलात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त दुखावलेपण होतं.

"तुमच्याकडे यायचं तर दारातून यावं लागतं, बाई," मावशी म्हणाली. "दारात त्याच उभ्या होत्या."

मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. त्या माझ्यावर बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. समोर आरशात बघितलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या. "इथून दार दिसतं," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला त्यांचा राग आला नाही. मी कुरकुरसुद्धा केली नाही.

उठल्यावर त्यांनी पाटी स्वतःच्या हाताने काढली. आता तिथे नवी पाटी आहे: 'इथल्या माणसांबद्दलची तक्रार बाहेरच्या माणसांना सांगता येते.' खाली फोन नंबर आहे. फोन व्हरांड्यात आहे आणि तो करायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना ती पाटी मोठ्या बाई स्वतः वाचून दाखवतात. माझ्या खोलीच्या दाराला काच बसवली आहे. कर्मचारी येता-जाता बाहेरून बघतात, म्हणजे कात्रीची काळजी नको. आतलं बोलणं मात्र बाहेर जात नाही. वकीलबाई अधूनमधून न कळवता येतात, आणि जाताना माझ्यावर बसून केसांची टोकं कापून घेतात. मावशी म्हणते, "तपासणीची तपासणी, आणि फुकटात कटिंग!"

काही दिवसांनी भिंगरीला घरी सोडायचं ठरलं. आई फाटकापाशी येऊन थांबली होती. भिंगरी माझ्यावर बसली. कानाच्या वरच्या जागी बारीक, ताठ केस आले होते, नव्याने उगवलेल्या गवतासारखे. "हात लावू का गं?" मावशीने विचारलं. "लावा की!" ती म्हणाली. केस कापून झाले, आणि ती उठेना.

"आता काय?" मावशी म्हणाली. "आई थांबलीय ना बाहेर?"

"मागची राहिलेली गिरकी," भिंगरी म्हणाली.

माझं पेडल झिजलंय, बूड सैल झालंय. पण मित्रांनो, त्या दिवशी मी अशी फिरले की आरसा, खिडकी, दार, सगळं एक होऊन गेलं. तिचं हसणं फाटकापर्यंत गेलं असणार, कारण बाहेरून तिच्या आईने हाक मारली.

आता माझं एवढंच मागणं ऐका. तुम्हाला कुणी दुखावलं तर सांगा. पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. दोष तुमचा नसतो. आणि मोठी माणसं हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. एखादं मूल तुमच्यासमोर गप्प बसलं, तर त्याला 'बोल, बोल' म्हणून दामटू नका. आधी मागे वळून बघा, दारात कोण उभं आहे.

कालच एक नवी मुलगी आली. बसली आणि आरशातून थेट दाराकडे बघितलं. काच होती, पलीकडे मोकळा व्हरांडा. तिने खांदे सैल सोडले आणि माझ्या पाठीला पाठ टेकली.

"हात लावू का गं?" कात्रीमावशीने विचारलं.