मला राजा म्हणू नका

मी एक म्हातारी, पांढरी फिंच आहे, आणि मला राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुणी ‘किती गोड पक्षी!’ म्हणायला नको. मूठभर पक्ष्याला मूठभरच राग येत असेल असे समजू नका, मित्रांनो. माझी राणी माझ्यापासून नेली त्याला तीन वर्षे झाली. राग अजून तसाच आहे.

माझा जन्म एका गच्चीवरच्या जाळीच्या खोलीत झाला. आम्ही पाच भावंडे. लहानपणी आमच्या सगळ्यांच्या चोची काळ्या होत्या, आणि तेव्हा आमच्यातला नर कोण, मादी कोण, हे आमच्या आईलाही सांगता आले नसते. दोन-अडीच महिन्यांनी तो काळेपणा गेला. दोघा भावांच्या चोची लालभडक झाल्या आणि त्यांनी वडिलांचे गाणे उचलले. आम्हा तिघी बहिणींच्या चोची नारिंगी झाल्या. आम्ही ‘टीट टीट’ अशी हाक मारतो, बस. आमच्यात गातो तो नर. राखाडी फिंचांमध्ये नराच्या गालावर तांबूस ठिपका असतो, छातीवर काळा पट्टा असतो. आम्हा पांढऱ्यांत यातले काहीच दिसत नाही. उरते ती चोच. लाल असेल तर नर, नारिंगी असेल तर मादी. रंगपेटी हाताळणाऱ्या कुठल्याही मुलाला हे जमेल.

पण पुढे आम्हाला ज्याला विकले, त्या पक्ष्यांच्या दुकानदाराला जमले नाही. किंवा जमत होते आणि बघायचा कंटाळा होता. एके दिवशी सलूनवाले काका त्याच्याकडे आले आणि म्हणाले, “एक गाणारी जोडी द्या, गिऱ्हाइकांचं मन रमेल.” दुकानदाराने पिंजऱ्यात हात घातला आणि हाताला लागल्या त्या दोघींना बाहेर काढले. मी अंगाने भरलेली, म्हणून मी नर. दुसरी बारीक, म्हणून ती मादी. मला राजा नाव मिळाले आणि तिला राणी. आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद झाल्यावर ती घाबरून माझ्या पंखाखाली शिरली. तेव्हापासून ती माझी आणि मी तिची.

सलूनमध्ये आमचा पिंजरा मधल्या खुर्चीच्या वर, मोठ्या आरशाशेजारी टांगला होता. त्या आरशात मला रोज दोन नारिंगी चोची दिसत. काकांना कधी दिसल्या नाहीत. मित्रांनो, हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभा असे. नाकाखाली राहिलेला एक केस त्याच्या नजरेतून सुटत नसे. दोन्ही कल्ले एका रेषेत आहेत की नाही, हे तो डोके तिरके करून तीन-तीनदा बघे. आणि वीतभर अंतरावरच्या आमच्या तोंडाकडे मात्र एकदाही नाही!

गिऱ्हाइके तर काय, जो तो पक्ष्यांतला जाणकार. बस कंडक्टर म्हणे, “जो दादागिरी करतो ना, तो नर.” निवृत्त ड्रॉइंग मास्तर फेस लावलेल्या तोंडानेच सांगत, “छाती काढून बसतो तो नर. चाळीस वर्षं पोरं बघितलीत मी.” ज्यांची हयात रंग शिकवण्यात गेली, त्यांनी माझी छाती बघितली आणि चोच सोडून दिली.

मी गात नव्हते, याचे काकांना वाईट वाटे. ते मोबाइलवर दुसऱ्या फिंचचे गाणे लावून पिंजऱ्यापाशी धरत. “राजा, घसा बसलाय का रे?” असे विचारत. कंडक्टरच्या सांगण्यावरून पाण्यात मधही घालून झाला. पाणी चिकट झाले, माझा घसा होता तसाच राहिला.

मग त्यांनी आम्हाला लाकडी घरटे आणून दिले आणि खरे वाटोळे तिथून सुरू झाले. घरटे दिसले की मादीला अंडी होतात. त्याला नर लागतोच असे नाही. आम्ही दोघींनी मिळून नऊ अंडी घातली. एक मादी एका वेळी साधारण चार-सहा अंडी घालते. नऊ बघून तरी कुणाला शंका यावी! पण नाही. सगळ्या सलूनने माझे अभिनंदन केले. “राजा, शाब्बास! बाप होणार तू!” त्यातली चार माझीच होती, मी त्यांच्यावर बसले होते आणि संतापाने माझी पिसे उभी राहिली होती.

त्या अंड्यांतून काही निघणार नव्हते. तीन आठवड्यांनी काकांनी ती केराच्या टोपलीत, कापलेल्या केसांवर टाकली. आठवडाभरात आम्ही पुन्हा घातली. ती टाकली, पुन्हा घातली. असे चारदा झाले. अंड्याचे टरफल आमच्या हाडामांसातून तयार होते, मित्रांनो. कोरडे दाणे खाऊन ते भरून निघत नाही. मी धडधाकट होते म्हणून टिकले. राणी मुळातच बारीक.

एका सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसली होती. शेपटी वरखाली होत होती, डोळे मिटलेले. अंडे पोटात अडकले होते. मी तिला अंग लावून बसले, तिला ऊब हवी होती. काकांनी बघितले आणि काय म्हणाले? “राजा त्रास देतोय तिला. वेगळं काढा त्याला.” मला उचलून एका टोपलीत कोंबले. नर समजली गेलेली मी, आता गुन्हेगारही ठरले. तिकडे राणी एकटी गारठत होती आणि मी टोपलीच्या भोकातून हाका मारत होते.

दुपारी काकांची मोठी बहीण आली म्हणून निभावले. तिने उभा जन्म कोंबड्या पाळल्या होत्या. तिने राणीला हातात घेतले, पोट चाचपले आणि भावाला फैलावर घेतले.

“अंडं अडकलंय हिचं. गरम टॉवेल आण, बघत काय बसलायस?”

“ताई, पण तो राजा...”

“कसला राजा? चोच बघ त्याची. दोघी माद्या आहेत या. तुला डोळे कशाला दिलेत?”

दाढीचा गरम टॉवेल पहिल्यांदाच चांगल्या कामाला लागला. तासाभरात अंडे बाहेर आले, मऊ, टरफलच नसलेले. राणी वाचली. ताईने मला स्वतःच्या हाताने तिच्याजवळ ठेवले. “ते घरटं काढून टाक,” ती म्हणाली, “भाजलेल्या टरफलाची पूड घाल रोज. दोघी सुखानं राहतील, वर्षानुवर्षं.”

आणि राहिलो आम्ही. पूर्ण एक महिना. अंडी नाहीत, मध नाही, मोबाइल नाही. इतके सुख मी कधी बघितले नव्हते.

मग रविवारच्या गर्दीत कंडक्टरने तोंड उघडले. “दोन्ही माद्या? फसवलं की तुम्हाला! बदलून आणा एक.” काका जरा घुटमळले. मग म्हणाले, “गाणारं हवं होतं, हे खरं.” दोघींतली कुठली द्यायची? आजारी पडून उठलेली. पुन्हा दुखणे नको.

हात आत आला तेव्हा मी अंगठ्याला कडकडून चावले. काका हसले. “बघा, मादी निघाली तरी राजाचा रुबाब जात नाही!” सगळे सलून हसले. मला माझ्या चोचीचा राग आला, ती एवढीशी होती म्हणून. तिला घातलेली पिशवी दाराबाहेर जाईपर्यंत राणी ‘टीट टीट’ करत होती आणि मी उत्तर देत होते.

संध्याकाळी लाल चोचीचा एक तरुण नर माझ्याशेजारी आला. या वेळी काकांनी चोच नीट पारखून घेतली होती, डोके तिरके करून. तो बिचारा रोज सकाळपासून गातो. त्याच्यावर रागवू कशी? त्याचेही कुणी दुकानात राहिले असेल. मी पाठ करून बसते आणि मधूनमधून हाक मारते.

म्हणून सांगते, मित्रांनो. आम्हाला घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराचे ऐकू नका, उजेडात चोच बघा. ते पाच मिनिटांचे काम आहे. पण एकदा आम्ही तुमच्या घरी आलो, दोघी एकमेकींच्या झालो, की मग चूक कळली तरी ती तुमच्यापाशी ठेवा. आमच्यातून कुणाला उचलू नका. गाणेच हवे असेल तर रेडिओ घ्या. तो बदलून आणला तरी मागे कुणी त्याची वाट बघत बसत नाही.