दोन-बाराची दांडी

"आजोबा, हत्तीण राहू द्या. गिऱ्हाइकाचं माप सांगा."

माझ्या आजोबांनी सर्कशीतल्या हत्तिणीला हिरवा चुडा भरला आणि तिने सोंड टेकून नमस्कार केला, ही खरीखुरी हकीकत मी नातीला सांगत होतो. तुळशीबागेतल्या आमच्या बांगड्यांच्या दुकानातून कुणाचा हात रिकामा गेलेला नाही, एवढाच मुद्दा. पण पूर्वा कॉलेजचा प्रकल्प घेऊन बसलेली.

"दोन-सहा," मी म्हणालो. तिने पुठ्ठ्यावर दोन-सहाच्या रकान्यात लाल टिकली चिकटवली. विकलेल्या मापाला एक टिकली.

लग्नसराई सरेपर्यंत टिकल्यांची टेकडी झाली. दोन-चार, दोन-सहावर उंच, कडांना उतरती.

"याला वारंवारता वितरण म्हणतात. कुठलं माप किती वेळा आलं, ते एका नजरेत दिसतं."

"म्हणजे पर्वती."

"हो. आणि सगळ्यात मोठं माप, दोन-बारा, पायथ्याला." तिथे एकच टिकली होती.

माझा मुलगा योगेश मागून बघत होता. "एका टिकलीसाठी बांगड्या अडकवायची अख्खी दांडी अडवायची?"

"अरे, पायथ्यालाही माणसं राहतात."

"राहू देत. दुकानाचं भाडं ती भरत नाहीत."

दोन-बाराचा माल परत गेला.

तुळशीचं लग्न झालं आणि कात्रजकडची मुक्ताई आली. जन्मभर म्हशी पिळून पंजा रुंद झालेला. "मामा, उद्या लेकीची हळद हाय. हिरव्या भरा. दोन-बारा."

मी साबण लावून दोन-दहा चढवू लागलो. अंगठ्याच्या हाडावर बांगडी कडकन फुटली. रक्त आलं.

"राहू द्या, मामा. माझाच हात वंगाळ." तिने मनगटावर पदर ओढला. चुडा भरला की बाई कासाराला नमस्कार करते. हिने तो रिकाम्या हातांनी केला.

पूर्वाच्या बोटावर टिकली तशीच होती. "बाबा, यांची कुठे लावू?"

"काही विकलं का? मग?"

तिने टिकली परत पाकिटावर चिकटवली.

महिनाअखेरीस योगेशने नवा पुठ्ठा माझ्यापुढे धरला. "बघा, अण्णा. दोन-बारावर एकही नाही. म्हटलं नव्हतं?"

मी मान डोलावली. त्या दांडीवर आता त्याचं हेल्मेट टांगलेलं असतं. घालत तर तो तेही नाही.