चाळीस सेंटिमीटरच्या वरचा ब्रीम

सिडनीत गळ टाकणारे लोक कशाला मोठा मासा म्हणतात, हे मला लॉकडाऊनमध्ये कळलं. ब्रीम हा तव्यात मावणारा मासा. एक तळला तर एका माणसाचं जेवण. पण तोच चाळीस सेंटिमीटरच्या वर गेला की त्याची ट्रॉफी होते, आणि पोटं सुटलेले बाप्ये त्याला लेकरासारखं दोन्ही हातांवर घेऊन फोटो काढतात. आमच्या वसईला एवढ्याशा माशाचा कोणी फोटो काढत नाही, कालवण करतात.

माझा नवरा, मार्शल, हा विमानांच्या दुरुस्तीच्या कामात होता. मार्चमध्ये विमानं जमिनीवर बसली आणि त्यांच्याबरोबर तोही घरी बसला. मग त्याने दुपारची एका गोदामातली शिफ्ट धरली आणि सकाळी तो गळ घेऊन पॅरामाटा नदीवर जायला लागला. क्वेकर्स हिलहून गाडीने जायचा, तासन् तास उभा राहायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फेब्रुवारीत वसईहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या त्या इथेच अडकल्या होत्या. त्यांना हे बघवत नसे.

"तुझे आजोबा असे हात हलवत आले असते तर आजीने दार उघडलं नसतं," त्या म्हणायच्या.

"आई, इथे पकडतात आणि सोडून देतात. स्पोर्ट आहे तो."

"सोडायचाच तर त्याला छळलास कशाला?"

 मार्शल हसायचा आणि शॉवरला जायचा. मलाही स्पोर्ट यापलीकडे काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायची हौसही नव्हती.

सासूबाई अडकल्या याचं मला मात्र बरं वाटत होतं. मला पाचवा महिना होता. याआधी दोनदा मूल गेलं होतं, दोन्ही वेळा चौथा लागायच्या आत. त्यामुळे या वेळी पाचवा लागला तरी आमच्या घरात त्याबद्दल कोणी मोठ्याने बोललं नाही. सासूबाई फक्त माझ्या ताटात जास्तीचं वाढायच्या आणि मी बाथरूममध्ये जरा जास्त वेळ लावला तर दाराशी येऊन उभ्या राहायच्या.

मेच्या शेवटी एका सकाळी मार्शल नाचतच घरी आला. मी बेडरूममध्ये कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. त्याने दार ढकललं आणि मासा वर धरून दाखवला. रुपेरी, जाडजूड, पिवळ्या परांचा. "फॉर्टी-थ्री, प्रिस!" तो ओठांनीच म्हणाला. मी अंगठा दाखवला आणि मीटिंगकडे वळले.

त्याने तो का सोडला नाही, हे मला नंतर कळलं. मासा मापाच्या पट्टीवर ठेवून फोटो काढायचा असतो. याचा मासा उड्या मारत होता, म्हणून फोटो हलला. गळवाल्यांचा क्लब बंद, काठावर दुसरं कोणी नाही, म्हणजे साक्षीदारही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चाळीसच्या वर गेला आणि कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला सहन होईना. त्याचा दोस्त रिकी जवळच राहतो, त्याच्याकडे वजनकाटा आहे. तेव्हा मासा बर्फाच्या खोक्यात घालून तो घरी घेऊन आला, रिकीला दाखवायला.

शिफ्टला निघताना त्याने आईला सांगितलं, "खोक्यात मासा आहे. आज शिफ्ट छोटी आहे. अर्व्होला, दुपारीच, येताना रिकीला घेऊन येतो."

झालं. एवढं ऐकल्यावर वसईची कुठली बाई मासा खोक्यात ठेवेल? घरी थोडे पाहुणे आले तर चालतील, असं सरकारने नुकतंच जाहीर केलं होतं. कितीतरी आठवड्यांनी आमच्या दारात पाहुणा येणार होता, आणि मुलाने पहिल्यांदाच नदीवरून काहीतरी आणलं होतं. सासूबाईंनी बाह्या सरसावल्या.

माझ्या लंच ब्रेकला त्या ताट घेऊन वर आल्या. कालवणात माशाचं डोकं, दोन तुकड्या आणि बाजूला तव्यावर खरपूस परतलेली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, चांगली पसाभर. आमच्याकडे डोकं आणि गाबोळी पोटुशीची. पाहुणा बिशप असला तरी त्याला ती मिळत नाही.

"अहो आई, ट्रॉफी होती ती त्याची. रडेल तो," मी म्हटलं.

"रडू दे. माझं नातवंड धडधाकट झालं पाहिजे. खा, बाय."

"तुम्ही जेवलात?"

"मला भूक नाही. पाहुण्यांचं झालं की बघू."

माशाला थोडा चिखलाचा वास होता, पण त्यांनी चिंच सढळ हाताने घातली होती. गेले काही महिने मला अन्न गोड लागत नव्हतं. त्या दिवशी मी डोकं चोखून चोखून खाल्लं आणि बोटं चाटली. सासूबाई समोर बसून बघत राहिल्या. फार सुखात होत्या.

दुपारी मार्शल आणि रिकी तोंडाला मास्क लावून, वजनकाटा घेऊन आले. मार्शलने खोक्याचं झाकण उघडलं. आत गुलाबी पाणी होतं.

रिकीला आधी समजलं. स्वयंपाकघरातून वास येतच होता. "मेट, तुझ्या मम्मीने तुझा रेकॉर्ड शिजवला," म्हणत तो पोट धरून हसायला लागला. मीही जिन्यात उभी राहून हसले.

मार्शल हसला नाही. "कोणी खाल्ला?" त्याने विचारलं.

"तुमचं दोघांचं ठेवलंय रे," सासूबाई म्हणाल्या. "प्रिसिलाला तेवढं डोकं आणि गाबोळी दिली."

तो जिन्याच्या पायरीवर मटकन खाली बसला. मला वाटलं, मासा गेला म्हणून. माझं डोकं फिरलं. "एका माशासाठी एवढं तोंड पाडायचं? लाज वाटत नाही तुला?"

"प्रिस, तो मासा खायचा नसतो."

"म्हणजे?"

"नदीवर बोर्ड लावलेत. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेलं काही खाऊ नका म्हणून. जुन्या कारखान्यांचं विष आहे तळाच्या गाळात. डायॉक्सिन. माशाच्या चरबीत साठत जातं. म्हणून सोडतो आम्ही."

"म्हणून तर तिथे एवढे मोठे मिळतात," रिकी बोलून गेला. "वीसेक वर्षांचा असेल तो." मग त्याची नजर माझ्या पोटावर गेली.

 वीस वर्षं त्या गाळात. चरबीत साठतं, आणि गाबोळी म्हणजे नुसती चरबी. मी बाथरूमकडे धावले, घशात बोटं घातली, पण खाऊन बराच वेळ झाला होता, काही निघालं नाही. बाहेर आले तेव्हा रिकी निघून गेला होता आणि मार्शल फोन घेऊन उभा होता.

"स्पोर्ट म्हणालास," मी म्हटलं. "इतके दिवस स्पोर्ट म्हणालास. विष आहे असं एकदा तरी सांगायचंस."

"मी कधी घरी आणणारच नव्हतो."

"आणलास ना पण. कशासाठी? रिकीने शाबासकी द्यावी म्हणून?"

तो फोनवर नंबर दाबायला लागला. मग मी सासूबाईंकडे वळले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, हातात डाव तसाच. "आणि तुम्ही! विचारायचं तरी त्याला. हेही गेलं तर तुमच्यामुळे गेलं, लक्षात ठेवा."

त्यांनी डाव हळूच ओट्यावर ठेवला.

मार्शलने विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला होता. सगळे बिझी, लाइनवर थांबा. फोन स्पीकरवर टाकून त्याने टेबलावर ठेवला आणि त्यातून ते गुळगुळीत संगीत वाजत राहिलं. मी खुर्चीत बसले. मूल हलतंय का ते बघत होते. हलत नव्हतं, पण दुपारचं ते तसंही फारसं हलायचं नाही.

"कसलं विष रे?" सासूबाईंनी मार्शलला हळूच विचारलं. त्याने मराठीत नीट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेलं पातेलं उचललं, एक ताट घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. उरलेल्या सगळ्या तुकड्या ताटात काढल्या आणि खायला लागल्या. भात नाही, भाकरी नाही.

"आई, काय करतेस?" मार्शल ओरडला.

"जेवते."

त्याने ताट ओढलं. त्यांनी त्याचा हात झटकला. त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. काटे काढत, भराभर, चव न घेता त्या खात होत्या. तुकड्या संपल्या तसं पातेलं तोंडाला लावून रस्सा प्यायल्या.

"तिच्या पोटात गेलंय ते माझ्याही पोटात जाऊ दे," त्या म्हणाल्या. "व्हायचं ते दोघींना होईल."

मी बघत राहिले. मला सांगायचं होतं की आई, असं नसतं हो, तुम्ही खाल्लंत म्हणून माझं कमी होत नाही.  सकाळपासून उपाशी असलेली बाई विष म्हणून जेवत होती, आणि ते मी बोलले होते त्यामुळे.

संगीत थांबलं. फोनवर एक बाई आली. तिने कुठला मासा, किती खाल्ला, कितवा महिना, सगळं विचारलं. मी सांगितलं. ती शांतपणे म्हणाली की एकदा खाल्ल्याने घाबरण्यासारखं काही नाही. ते बोर्ड पुन्हा पुन्हा खाणाऱ्यांसाठी आहेत. उद्या तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला आणि यापुढे खाऊ नका. मार्शलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी ऐकत होते, पण ते आत उतरत नव्हतं.

"आणखी कोणी खाल्लाय का?" बाईने विचारलं.

सासूबाईंना तिचं भराभर इंग्रजी कळलं नव्हतं. त्या माझ्या चेहऱ्यावरून निकाल वाचायला बघत होत्या. हनुवटीला रस्सा लागला होता, तो पुसायचं भान नव्हतं.

"दोघींनी," मी म्हटलं.

"सॉरी, लव्ह?" बाई म्हणाली. मराठी तिला कुठून कळणार. पण ते मी तिला सांगतच नव्हते. मी सासूबाईंकडे बघत पुन्हा म्हटलं, "आम्ही दोघींनी खाल्लाय."