चौदा महिन्यांचा झोका

"आत्या, थोडंसं सरकव ना," मी म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

आत्याचा हात कीबोर्डवर तसाच होता. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते, त्याचं टोक, म्हणजे ध्रुव, जागेवर गप्प राहत नाही. आमच्या शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढ्या गोलात डोलत असतं. पुढच्या आठवड्यात ते नेमकं कुठे असेल, हे माझी आत्या आधीच सांगते! अंतराळयानांशी बोलणाऱ्या मोठ्या अँटेना त्यावरून नेम धरतात. आई तिला रोज सकाळी चिडवायची, "काय वन्सं, पृथ्वी आज धड उभी आहे ना?"

हल्ली आई विचारत नाही.

त्या डोलण्यात मुख्य झोके दोन, एक वर्षाचा आणि एक चौदा महिन्यांचा. आत्याने नोकरीची सगळी वर्षं घातली ती चौदा महिन्यांच्या झोक्यावर, आणि नेमका तोच विरत विरत दिसेनासा झाला. का, ते तिलाही सांगता येत नाही. तिचं गणित अजून त्याची वाट बघतं आणि दर आठवड्याला तोंडावर आपटतं. साहेबांनी आता शेवटची संधी दिली होती. या वेळीही शेजारच्या टेबलावरच्या नव्या प्रोग्रामपेक्षा जास्त चुकलं, तर तिचं गणित बंद.

म्हणून मी मागे लागले होते, की त्या प्रोग्रामचे आकडे समोर दिसतायत, तर पडद्यावरची आपली रेषा तिकडे ढकल. तिने खरंच दोन आकडे बदलले. बघत बसली. मग पुसले.

"झोका परत येईल गं," ती म्हणाली. "यायलाच हवा."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी धावतच गेले. प्रत्यक्ष मोजमाप आलं होतं. प्रोग्राम बोटभर चुकला होता. आत्या चांगली वीतभर.

साहेब हळू आवाजात काहीबाही समजावत होते, ती नुसती मान हलवत होती. मी भांडायला उठले, तर तिने मनगट धरून मला खाली बसवलं.

अँटेनावाले आकड्यांसाठी खोळंबले होते. ते तिनेच पाठवले, त्या प्रोग्रामचे. पाठवण्याआधी प्रत्येक आकडा बोट ठेवून दोनदा वाचला, स्वतःचा वाचायची तसाच.

पडद्यावर तिची हिरवी रेषा अजून वळण घेत पुढे गेलेली होती. ध्रुव दुसरीकडेच चालला होता.