पहिलं कपाळ

पलटणीत त्यांना सगळे पंडितजी म्हणत. चढाईआधी जवानांच्या कपाळी भंडारा लावायचा, पडलेल्यांना अग्नी द्यायचा आणि मधल्या वेळात पोथी वाचायची, एवढंच बद्रीनाथांचं काम. हातात बंदूक नसलेल्या माणसाची लढाईत काय गत होते, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं असतं, की तोफा सुरू झाल्या की आपल्याला पाठ असलेला श्लोकसुद्धा धड आठवत नाही.

पण पासष्टच्या भादव्यात, पंजाबच्या सरहद्दीवर, एक निराळीच भीती मानगुटीवर बसली. पहिल्या चढाईला ज्याला सगळ्यांत आधी भंडारा लावला, तो परतला नाही. दुसऱ्या चढाईलाही तेच. तिसऱ्या वेळी रांगच लागेना. जो तो वाकून बुटाची नाडी बांधतोय! शेवटी पडेगावचा मल्हारी, धनगराचा पोरगा, हसत पुढं आला.

"लावा पंडितजी. आमच्या घरचाच द्येव हाय."

संध्याकाळी बद्रीनाथांनीच त्याला अग्नी दिला.

युद्धबंदी झाली. दसऱ्यानंतर बद्रीनाथ रजेवर बेगमपुऱ्यातल्या घरी आले आणि मल्हारीचं घड्याळ घेऊन पडेगावला गेले. घड्याळ द्यायचं आणि सटकायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. पण मल्हारीच्या आईनं, म्हाळसाबाईनं, घड्याळ कनवटीला खोचलं, ओट्यावर घोंगडी अंथरली आणि धाकट्या कारभारीला समोर उभं केलं. अंगात नवाकोरा गणवेश. युद्धबंदी होऊनही सरहद्दीवरचा गोळीबार अजून थांबला नव्हता आणि दुपारच्या गाडीनं तो भावाच्याच पलटणीत निघाला होता.

"म्हाराज, थोरल्याला तुमीच भंडारा लावला म्हनं. ह्येलाबी लावा."

तिनं भंडाऱ्याची वाटी बद्रीनाथांपुढं धरली. इथं रांग नव्हती. एकच कपाळ, म्हणजे तेच पहिलं. शिकल्यासवरल्या माणसानं असलं काही मनात आणू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं. लाज वाटली, पण हात काही उचलवेना.

"हात दुखतोय, बाई."

"लढाईत नाय दुखला?"

मग त्यांना राहवलं नाही. "मी ज्याला सगळ्यांत आधी लावतो तो परत येत नाही. तिघं गेले. मल्हारीला ठाऊक होतं. कुणीच पुढं येईना, म्हणून तो आला."

तोंडून निघून गेलं. आता बाई वाटी भिरकावणार, शिव्याशाप देणार. कारभारी पांढराफटक पडला होता. म्हाळसाबाईनं वाटी घोंगडीवर ठेवली आणि कनवटीचं घड्याळ काढून हातात घेतलं.

"त्याला ठावं व्हतं?"

"हो."

"आन् तरी आला?"

"हसत आला."

तिनं पदरानं डोळे पुसले. कारभारीला दंडाला धरून बाजूला केलं, डोक्यावरचा पदर मागं सारला आणि बद्रीनाथांच्या पुढ्यात येऊन बसली.

"मंग आधी मला लावा. ह्यो दुसरा."

बद्रीनाथांनी वाटीत बोट घातलं. निम्मा भंडारा तिच्या लुगड्यावर सांडला, कपाळाला नुसता पुसटसा लागला.

"असा नगं म्हाराज," ती म्हणाली. "नीट, ठसठशीत लावा."